टॅप नर्तक निकोलस बंधू आणि त्यांच्यावरचा माहितीपट

पदरव

फेयार्ड आणि हॅरॉल्ड निकोलस या दोन भावांच्या आयुष्यावर १९९२ साली 'वुई सिंग अँड वुई डान्स' या नावाचा माहितीपट निघाला. तो मी गेल्या रविवारी दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्या वेळी मी केवळ त्यांच्या नाचाने दिपून गेलो होतो. या वेळी मात्र नाचाच्या दोन तुकड्यांमध्ये जे येते त्याकडे, म्हणजे वृद्ध झालेल्या दोघा भावांच्या बोलण्याकडे आणि त्यांच्या घरच्या जुन्या चित्रफितींकडे, माझे अधिक लक्ष गेले. त्यावर इथल्या जाणकारांशी बोलावे, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना हे दोघे ठाऊक नसतील त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. टॅप म्हणजे धातूच्या पट्ट्या लावलेल्या बुटांनी जमिनीवर ताल वाजवत करायचा नाच. फेयार्डचा जन्म १९१४ चा, अलाबामा राज्यातील मोबील या गावचा. हॅरॉल्डचा १९२१ चा, नॉर्थ कॅरोलिनामधील विन्स्टन-सेलमचा. वडील युलिसिस ड्रम वाजवत आणि आई व्हायोला पियानो वाजवत असे. फिलाडेल्फियातील स्टँडर्ड थिएटरात या दांपत्याचा स्वतःचा वाद्यवृंद होता. शाळेच्या वयाचा फेयार्ड तिथे पुढच्या रांगेत बसून रोजचे नर्तक, गायक आणि विनोदवीर पाहत असे, आणि घरी येऊन जे पाहिले ते करून बघत असे. त्याला कोणी गुरू नव्हता आणि तो कोणत्याही नृत्यशाळेत गेला नाही. त्याने मधली बहीण डोरोथी आणि धाकटा हॅरॉल्ड यांना शिकवले. आधी तिघे भावंडे मिळून 'निकोलस किड्स' या नावाने नाचत. पुढे बहीण बाजूला झाली आणि दोघे भाऊ उरले.

वडिलांनी फेयार्डला दिलेला सल्ला तो आयुष्यभर सांगत राहिला. दुसऱ्या कोणाची नक्कल करू नकोस, नाचताना स्वतःच्या पायांकडे पाहू नकोस, कारण तू स्वतःसाठी नव्हे तर समोर बसलेल्यांसाठी नाचतो आहेस, असा त्याचा आशय होता. या सल्ल्याची खूण त्यांच्या प्रत्येक नाचात दिसते. पाय कितीही बिकट काम करत असले तरी मान वर, नजर समोर आणि हात मोकळे असतात. फेयार्डचे हात तर मुद्दाम पाहावेत. त्याच्या काळातील बहुतेक टॅप नर्तकांचे सारे लक्ष कमरेखाली असे. फेयार्ड मात्र पायांनी जे बोलतो ते हातांनी हवेत लिहितो.

१९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममधील कॉटन क्लबात त्यांनी पाऊल टाकले तेव्हा हॅरॉल्ड ११ वर्षांचा होता आणि फेयार्ड १८ च्या उंबरठ्यावर. कॅब कॅलोवे आणि ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदांबरोबर ते तिथे नाचले. या क्लबात नाचणारे, गाणारे आणि वाजवणारे सगळे कृष्णवर्णीय होते, पण प्रेक्षक म्हणून आत येण्याची मुभा फक्त गोऱ्यांना होती. कार्यक्रम संपल्यावर कलाकारांनी प्रेक्षकांत मिसळायचे नाही, असाही तिथला रिवाज होता. या दोघांना मात्र लहान म्हणून टेबलापाशी बसू दिले जाई. ज्या दालनात त्यांच्या वडिलांना पाहुणा म्हणून बसता आले नसते, त्याच दालनात अकरा वर्षांचा हॅरॉल्ड कौतुकाचा विषय होऊन बसत होता. या एका गोष्टीपाशी मी बराच वेळ थांबलो.

पुढे १९३७ मध्ये 'बेब्स इन आर्म्स' या ब्रॉडवेवरील नाटकाचे नृत्यदिग्दर्शन करणारे जॉर्ज बॅलन्चिन यांना या मुलांनी बॅले शिकले असावे असे वाटले होते. १९४० च्या 'डाउन अर्जेंटाइन वे' या चित्रपटानंतर ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्स या चित्रपट कंपनीने त्यांना पाच वर्षांसाठी करारबद्ध केले, आणि १९४३ मध्ये 'स्टॉर्मी वेदर'मधील तो पायऱ्यांवरचा नाच आला. मला वाटणारी गोष्ट अशी की, हे दोघे साठ वर्षे नाचले, पण चित्रपटांनी त्यांना नेहमी तीन-चार मिनिटांचे पाहुणे म्हणूनच ठेवले. ती मिनिटे जोडून त्यांचे आयुष्य तयार होत नाही. माहितीपटाने ते आयुष्य परत मिळवून दिले का, याविषयी आपले मत ऐकायला आवडेल.

तत्कार

मी पुण्यात बारा वर्षे कथक शिकले, त्यामुळे पायाचा आवाज हा माझ्या कानाचा विषय आहे. तुमचा धागा वाचून मी 'स्टॉर्मी वेदर'मधील तो नाच काल रात्री चार वेळा पाहिला आणि शेवटी डोळे मिटून नुसता ऐकला.

कथकमध्ये घुंगरांचा आवाज पसरतो. आपण तत्कार करतो तेव्हा तळव्याचा आघात आणि घुंगरांचा झंकार एकमेकांत मिसळतात, आणि तो झंकार थोडा मागे रेंगाळतो. टॅपमध्ये बुटाच्या चवड्याला आणि टाचेला धातूच्या वेगवेगळ्या पट्ट्या असतात, म्हणून प्रत्येक आघात सुटा आणि कोरडा ऐकू येतो. चूक झाकायला झंकाराचा आडोसा नाही. या दोघांच्या नाचात दोन माणसांचे चार पाय असूनही आघात एकच ऐकू येतो, याचे मला फार आश्चर्य वाटले. दोघांच्या वयात सहा वर्षांहून अधिक अंतर, अंगकाठी वेगळी, स्वभावही वेगळा दिसतो, तरी ठेका एकच. आमच्या गुरुताई म्हणत की, एकत्र नाचणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहू नये, एकमेकांना ऐकावे. इथे ते शब्दशः दिसते.

मला एक शंका मात्र आहे. त्यांच्या नाचाविषयी वाचताना कसरत हा शब्द वारंवार येतो. उंच उडी, हवेतून खाली येत पाय पूर्ण पसरून स्प्लिट, आणि तिथून हात न टेकता पुन्हा उभे राहणे, हे सारे थक्क करणारे आहेच. पण त्यामुळे लय बाजूला पडते का? टाळी उडीला मिळते, बोलाला नाही, असे आपल्याकडेही चक्करांच्या बाबतीत होते. टॅपची जाण असणाऱ्यांनी यावर लिहावे.

दुसरे असे की, चित्रपटात ऐकू येणारा पायाचा आवाज त्या क्षणीच ध्वनिमुद्रित केलेला असतो का?

पदरव

आधी आवाजाविषयी. त्या काळातील संगीतपटांत संगीत आधी ध्वनिमुद्रित करून चित्रीकरणाच्या वेळी वाजवले जाई, आणि पायांचा आवाज सहसा नंतर घेतला जाई. पडद्यावर स्वतःचेच चित्र पाहत, लाकडी फळीवर उभे राहून, तोच नाच पुन्हा ठोक्याला ठोका जुळवून करावा लागे. म्हणजे उडी एकदा मारायची आणि तिचा आवाज दुसऱ्यांदा मारायचा. आपण डोळे मिटून ऐकलेत ते बहुधा हे दुसरे काम आहे.

कसरतीचा आरोप फेयार्डला मान्य नव्हता. अशा नाचासाठी अमेरिकेत 'फ्लॅश' हा शब्द रूढ होता, आणि आपल्या शैलीला तो शब्द लावलेला त्याला रुचत नसे. आपण करतो ते अभिजात टॅप आहे, कारण त्यात केवळ पाय नव्हे तर संपूर्ण शरीर नाचते, असे तो म्हणे. मला त्याचे म्हणणे पटते. त्यांचा स्प्लिट हा नाचाचा शेवट कधीच नसतो. इतर नर्तक खाली आले की टाळीसाठी थांबतात; हे दोघे खाली जातात ते पुढच्या मात्रेवर वर येण्यासाठी, आणि वर येण्याची क्रियाही लयीत बसवलेली असते. खाली जाणे आणि वर येणे मिळून एकच वाक्य होते, असे समजून पाहिले तर ती कसरत वाटत नाही.

टॅपच्या लयीचे मूळही लक्षात घ्यावे. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची तालपरंपरा आणि आयरिश-इंग्रज लोकांचे लाकडी तळांच्या बुटांचे नाच यांच्या मिश्रणातून तो घडला. १७३९ मध्ये साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीच्या परिसरात गुलामांचा उठाव झाला. उठाव करणारे ढोल वाजवत निघाले होते, म्हणून पुढच्याच वर्षीच्या कायद्याने गुलामांना ढोल बाळगायला बंदी झाली. ढोल हातातून गेल्यावर ताल टाळ्यांत, अंगावरच्या थापांत आणि पायांत शिरला. कॉटन क्लबातल्या त्या पायांच्या आवाजामागे हा इतिहास आहे.

अंतरपाट

चित्रपटांनी त्यांना तीन-चार मिनिटांचे पाहुणे ठेवले, हे आपले निरीक्षण अचूक आहे. पण ते कसे केले गेले हे थोडे तपशिलात मांडायला हवे, कारण त्यामागे निश्चित हिशोब होता.

१९४१ चा 'सन व्हॅली सेरेनेड' घ्या. त्यात ग्लेन मिलर यांच्या वाद्यवृंदाचे 'चॅटनूगा चू चू' हे गाणे आहे. पूर्वार्धात गोरा वाद्यवृंद आणि गोरे गायक दिसतात. गाणे पूर्ण होते. मग चित्र बदलते, मागे आगगाडीच्या डब्याचा देखावा येतो, आणि डोरोथी डँड्रिज व निकोलस बंधू तेच गाणे पुन्हा गाऊन त्यावर नाचतात. पूर्वार्धातील एकही पात्र त्यांच्याशी बोलत नाही. कथेत त्यांना नाव नाही, काम नाही. संकलनाच्या टेबलावर नेमक्या त्या जोडावर कात्री लावली तर चित्रपटाच्या कथेला ओरखडाही उठणार नाही, अशी ती रचना आहे. दक्षिणेकडील राज्यांत वर्णभेदाचे कायदे आणि त्याहून कडक रिवाज होते. तिथल्या चित्रपटगृहांत कृष्णवर्णीय कलाकार मानाने वावरताना दाखवले तर गल्ला बुडेल, या भीतीने त्यांची दृश्ये अशी सुटी ठेवली जात, म्हणजे ती काढून उरलेला चित्रपट दाखवता येई.

आता हेही पाहा की 'डाउन अर्जेंटाइन वे'च्या वेळी प्रेक्षक त्यांच्या नाचानंतर इतका गलका करत की काही ठिकाणी रीळ मागे घेऊन तो भाग पुन्हा दाखवावा लागला, असे सांगितले जाते. जो भाग एका गावात पुन्हा दाखवण्याची मागणी होते, तोच भाग दुसऱ्या गावात कापता यावा म्हणून आधीच सुटा करून ठेवलेला असतो. हे वाचून मला केवळ वाईट वाटले नाही, रागही आला, आणि तो अजून गेलेला नाही.

'स्टॉर्मी वेदर' वेगळा ठरला, कारण त्यातील प्रमुख कलाकार सगळेच कृष्णवर्णीय होते: टॅप नर्तक बिल रॉबिन्सन, लीना हॉर्न, फॅट्स वॉलर, कॅब कॅलोवे. तिथे कापण्यासाठी जोड ठेवण्याचे कारणच नव्हते, आणि म्हणून कॅलोवे गात असताना हे दोघे वादकांच्या मधून, त्यांच्या मेजांवरून आणि पियानोवरून जाऊ शकले. त्यांच्या आयुष्यातला सर्वोत्तम नाच याच चित्रपटात यावा, हा मला योगायोग वाटत नाही.

१९४८ च्या 'द पायरेट'मध्ये गोरे नर्तक-अभिनेते जीन केली यांनी त्यांना स्वतःच्या शेजारी उभे करून 'बी अ क्लाउन' हा नाच केला. तिघे एका रांगेत, एकाच पावलांवर. दक्षिणेतील काही शहरांत तो नाच कापला गेला. इथे जोड नव्हता, तरी कात्री लागलीच. त्यानंतर हॉलीवूडने दोघांना एकत्र कोणतेही मोठे काम दिले नाही, आणि ते युरोपात गेले. फेयार्ड १९५८ मध्ये परतला. हॅरॉल्ड पुढे बराच काळ पॅरिसमध्ये राहिला.

रानजाई

वर डोरोथी डँड्रिजचे नाव आले म्हणून लिहिते. माहितीपट मला आवडला, तरी त्याच्याविषयी माझी एक तक्रार आहे, आणि ती मी मोकळेपणाने मांडते.

त्या आगगाडीच्या देखाव्यात हॅरॉल्डसोबत नाचणारी डोरोथी पुढच्याच वर्षी, १९४२ मध्ये, त्याची पत्नी झाली. १९४३ मध्ये त्यांना मुलगी झाली. तिच्या मेंदूला जन्मतःच गंभीर इजा झाली होती आणि तिला आयुष्यभर इतरांच्या देखभालीची गरज लागली. १९५१ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. डोरोथीने पुढे 'कारमेन जोन्स'मधील भूमिकेने ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या नामांकनापर्यंत मजल मारली, आणि तिथवर पोचणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री होती. १९६५ मध्ये, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी ती गेली. मुलीच्या देखभालीचा भार मुख्यतः तिच्यावर पडला होता.

'स्टॉर्मी वेदर' पडद्यावर आला तो जुलै १९४३ मध्ये, आणि ही मुलगी जन्मली त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. म्हणजे ज्या उन्हाळ्यात सारे जग हॅरॉल्डला त्या पायऱ्यांवरून उड्या मारत हसताना पाहत होते, त्या उन्हाळ्याच्या शेवटी त्याच्या घरात काय घडले, हे कळल्यानंतर मला तो नाच पूर्वीसारखा पाहता येत नाही. नाच कमी प्रतीचा वाटतो असे नाही. पण त्या हसण्यामागे एक घर आहे, आणि त्या घरात एक बाई आणि एक मूल आहे, हे विसरता येत नाही.

दोन कलावंतांना वृद्धपणी कॅमेऱ्यासमोर बसवून त्यांच्याच तोंडून कथा सांगायची ठरवली, की जे त्यांना सांगावेसे वाटते तेच ठळक होते. नाचाविषयी ते मनापासून बोलतात. घरातल्या बायकांची बाजू मात्र त्यांच्या बोलण्याच्या कडेला राहते. बहीण डोरोथी निकोलसचेही तसेच. तिघांनी मिळून सुरुवात केली होती. पुढे सगळे जग 'बंधू' एवढेच म्हणू लागले. ती बाजूला झाली या एका वाक्यात तिची कथा संपते, आणि तेच वाक्य तुमच्याही ओळखीत आले आहे.

पदरव

आपण दाखवलेली उणीव खरी आहे, आणि माझ्या लेखातील त्या वाक्याविषयीचे आपले बोलणेही मला मान्य आहे. तीच गोष्ट मी न विचारता पुढे नेली.

तरीही माहितीपटाच्या बाजूने एवढे म्हणतो. १९९१ मध्ये दोघांना केनेडी सेंटरचा सन्मान मिळाला. त्याच्या दोन वर्षे आधी फेयार्डला 'ब्लॅक अँड ब्लू' या कार्यक्रमाच्या नृत्यरचनेसाठी इतर तिघांसह टोनी पुरस्कार मिळाला होता. १९९१ पर्यंत फेयार्ड पंच्याहत्तरी ओलांडून गेला होता. माहितीपट केनेडी सेंटरच्या सन्मानानंतर लगेच झाला. हॅरॉल्ड २००० मध्ये आणि फेयार्ड २००६ मध्ये वारला. दोघे एका खोलीत बसून एकमेकांचे वाक्य पूर्ण करत आहेत, एकाने सांगितलेली आठवण दुसरा दुरुस्त करत आहे, हे पकडण्यासाठी उरलेला काळ फारच थोडा होता. पंचवीस वर्षे आधी हे काम कोणी केले असते तर कदाचित बहिणीलाही बोलते करता आले असते, आणि डँड्रिजची बाजूही तिच्या निकटच्या लोकांकडून ऐकता आली असती. उशीर झाला होता, आणि जे हाती लागले ते त्यांनी नीट जपले, असे माझे मत आहे.

दूरदेशी

मी गेली अनेक वर्षे फिलाडेल्फियात राहतो. स्टँडर्ड थिएटर ज्या साउथ स्ट्रीटवर होते तिथून माझे नेहमी जाणे-येणे असते. जॉन गिब्सन नावाच्या कृष्णवर्णीय उद्योजकाच्या मालकीचे ते नाट्यगृह होते. आज तिथे त्याची इमारत नाही. माहितीपट पाहिल्यानंतर मी मुद्दाम त्या भागात पायी फिरलो. पुढच्या रांगेत बसलेला एक मुलगा आणि रंगमंचाच्या पायथ्याशी ड्रम व पियानो वाजवणारे त्याचे आईवडील, एवढे चित्र मनाशी धरून त्या रस्त्यावर उभे राहिले की गोष्ट एकदम जवळची होते.

धागाकर्त्यांनी घरच्या चित्रफितींचा उल्लेख केला आहे, त्यावर अधिक लिहिण्याजोगे आहे. निकोलस कुटुंबाकडे १९३० च्या दशकात स्वतःचा चलच्चित्र कॅमेरा होता. मंदीच्या त्या वर्षांत अमेरिकेत असा कॅमेरा आणि त्याची फिल्म ही महागडी चैन होती, आणि कृष्णवर्णीय कुटुंबाकडे ती असणे फार दुर्मीळ होते. मुलांच्या कमाईमुळे ते शक्य झाले. त्या चित्रफितींत हार्लेमच्या रस्त्यांवरची रोजची वर्दळ आहे, १९३४ मधील कुटुंबाचा देशभरचा मोटारप्रवास आहे, 'बेब्स इन आर्म्स'ची दृश्ये आहेत, कॉटन क्लबाच्या आतले चित्रण आहे आणि दुसऱ्या महायुद्धातील कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकडीचेही चित्रण आहे. २०११ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयाने या घरगुती चित्रफिती जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या राष्ट्रीय सूचीत घेतल्या. 'स्टॉर्मी वेदर' त्या सूचीत दहा वर्षे आधी आला होता. मोठ्या कंपनीचा चित्रपट आणि घरच्या माणसाने हात थरथरत काढलेली फीत, दोन्हींना एकाच यादीत जागा मिळाली, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

अंतरपाट यांनी ज्या जोडाविषयी लिहिले तो या चित्रफितींत कुठेही नाही. इथे हे लोक कोणाचे पाहुणे नाहीत. ते चांगले कपडे घालून चालत येतात, कॅमेऱ्याकडे पाहून हसतात, मोटारीला टेकून उभे राहतात, आपसांत थट्टा करतात. फॉक्सच्या कॅमेऱ्याने त्यांना नाव दिले नाही. या कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या प्रत्येकाला त्यांचे नाव ठाऊक होते. रानजाई यांना मी सुचवीन की, माहितीपटात बायकांची बाजू कमी पडली असली तरी या फितींकडे त्या दृष्टीने पुन्हा पाहावे. शब्दांत जे राहून गेले आहे त्यातले थोडे तिथे दिसते.

तत्कार

ही माहिती फार मोलाची आहे. आता माझा एक साधा प्रश्न. ज्या नाचासाठी प्रेक्षक रीळ मागे घ्यायला लावत होते, तो नाच पुढच्या दहा-पंधरा वर्षांत इतका मागे कसा पडला? केवळ वर्णभेद हे कारण पुरेसे वाटत नाही, कारण टॅप नाचणारे गोरे कलाकारही तेव्हा कमी होत गेले.

अंतरपाट

कारणे अनेक आहेत, पण त्यातील एक फारसे कोणाला ठाऊक नसते, म्हणून आधी तेच सांगतो. १९४४ मध्ये युद्धखर्चासाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारने नाच-गाणे होणाऱ्या रात्रीच्या क्लबांवर ३० टक्के कर बसवला. त्याच वर्षी तो थोडा खाली आला, पण पुढे वर्षानुवर्षे राहिला. नुसते वाद्यसंगीत असेल तर कर लागत नसे. साहजिकच मालकांनी नर्तक काढले आणि छोटे वादक-संच ठेवले. प्रेक्षक नाचत नाहीत, बसून ऐकतात, आणि रंगमंचावरही कोणी नाचत नाही, अशी जागा तयार झाली. त्याच सुमारास जॅझ संगीतही नाचाच्या ठेक्यापासून दूर जात होते. मोठे वाद्यवृंद मोडले, आणि त्यांच्यासोबत गावोगाव फिरणारे टॅप नर्तक बेकार झाले.

ब्रॉडवेवर १९४३ च्या 'ओक्लाहोमा!'नंतर बॅलेच्या अंगाने जाणारी, कथेचा भाग होणारी नृत्यरचना प्रतिष्ठित ठरली. टॅप हा कथेला थांबवणारा तुकडा मानला जाऊ लागला. ज्यांना मुद्दाम कथेबाहेर ठेवले होते, त्यांचा नाच कथेत बसत नाही म्हणून जुना ठरवला गेला, हे लिहितानाही मन कडू होते.

फेयार्ड १९४३ मध्ये सैन्यात भरती झाला, त्यामुळे ऐन भराच्या काळात जोडी काही काळ तुटली. बाकी कारणे, म्हणजे दूरचित्रवाणी आणि रॉक संगीत, सर्वांना माहीत आहेत.

टॅप पुन्हा उभा राहिला तो सत्तरच्या दशकापासून, आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने २५ मे हा राष्ट्रीय टॅप नृत्य दिन ठरवला. तो बिल रॉबिन्सन यांचा जन्मदिवस. त्याच वर्षीच्या 'टॅप' या चित्रपटात हॅरॉल्ड निकोलस जुन्या पिढीच्या नर्तकांमध्ये दिसतो, आणि नायक आहे ग्रेगरी हाइन्स.

रानजाई

हाइन्स यांचे नाव आले म्हणून थोडे जोडते. ग्रेगरी आणि मॉरिस हाइन्स हे दुसरे प्रसिद्ध टॅप नर्तक भाऊ. हेही लहानपणी एकत्र नाचू लागले आणि निकोलस बंधूंना आदर्श मानतच वाढले. मॉरिस यांच्यावर २०१९ मध्ये 'ब्रिंग देम बॅक' हा माहितीपट आला. त्यात भावांमधला दुरावा लपवलेला नाही. मोठे यश धाकट्याला मिळाले आणि दोघे बराच काळ एकमेकांशी बोलत नव्हते. ग्रेगरी २००३ मध्ये गेला, मॉरिस २०२३ मध्ये. माहितीपट झाला तेव्हा मॉरिस एकटाच उरला होता, आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो ऐकायला नव्हता.

पदरव यांनी वर म्हटले आहे की निकोलस बंधू एकमेकांचे वाक्य पूर्ण करतात. मॉरिसची वाक्ये पूर्ण करणारे कोणी उरले नव्हते, आणि त्या चित्रपटाने ती तशीच अर्धी राहू दिली. मला तो अधिक धीट माहितीपट वाटतो. १९९२ च्या चित्रपटाकडून मला हाच धीटपणा हवा होता, हे आता माझ्या लक्षात येते. मात्र दूरदेशी यांनी सांगितल्याप्रमाणे घरच्या चित्रफितींचा भाग मी आज दुपारी पुन्हा पाहिला. माझी तक्रार गेलेली नाही, पण कॅमेरा धरणारा हात कोणाचा असेल, हा विचार मी पहिल्या वेळी केला नव्हता, हे मान्य करते.

पदरव

हाइन्स बंधूंची आठवण योग्य वेळी काढलीत. निकोलस बंधूंच्या जीवनावर कथापट काढला तर त्यांचे नाच संगणकावरच तयार करावे लागतील, कारण ते करणारे माणूस मिळणार नाही, असे ग्रेगरी हाइन्स म्हणत असत. हे केवळ कौतुक नाही, ती एका नर्तकाने दुसऱ्याच्या कामाची केलेली मोजणी आहे.

'स्टॉर्मी वेदर'च्या त्या नाचाविषयी एक तपशील राहून गेला. नृत्यदिग्दर्शक निक कॅसल यांनी पायऱ्यांच्या भागाची तालीम करू नका, सरळ करून टाका, असे त्यांना सांगितले, आणि तो भाग पहिल्याच प्रयत्नात चित्रित झाला. प्रसिद्ध नर्तक-अभिनेते फ्रेड अॅस्टेअर यांनी तो आपण पाहिलेला संगीतपटातील सर्वोत्तम नाच असल्याचे दोघा भावांना सांगितले होते.

तत्कार

तालीम न करता, हे वाचून मी पुन्हा तो भाग लावला, आणि या वेळी आवाज बंद करून पाहिला.

वरच्या पायरीवर दोघे उभे आहेत. एक जण दुसऱ्याच्या डोक्यावरून उडी घेतो आणि खालच्या पायरीवर स्प्लिटमध्ये उतरतो. तो खाली असतानाच मागचा निघालेला असतो. तो त्याच्यावरून पुढे जाऊन आणखी खालच्या पायरीवर उतरतो, आणि तोवर पहिला हात न लावता उठून पुन्हा उडीच्या तयारीत असतो. असे करत दोघे तळापर्यंत येतात. प्रत्येक उडीत खालच्याला मागे वळून पाहायला वेळ नाही. वरचा नेमका कुठे पडणार हे त्याला दिसत नाही, ते त्याला ठाऊक असावे लागते. आणि ज्याच्यावरून उडी घ्यायची तो अर्ध्या मात्रेने आधी उठला तर दोघांचीही हाडे मोडतील.

माझा कसरतीचा मुद्दा मी मागे घेते. त्या पायऱ्यांवर नुसत्या ताकदीने कोणी टिकणार नाही. तिथे लय चुकणे हाच खरा धोका आहे. मी आणि माझी धाकटी बहीण लहानपणी एकत्र तत्कार करत असू. ती नेहमी किंचित पुढे पळायची आणि मी तिच्यावर चिडत असे. आज तिला हा दुवा पाठवला आहे, आणि आवाज बंद करून पाहा, असे लिहिले आहे.